पहिल्या तेलाची बाटली

बाबा, नवी गाडी घेतली. पांढरी. तुम्हाला पांढरी आवडली नसती. पांढऱ्यावर धूळ दिसते आणि मग माणूस इंजिन सोडून पत्रा पुसत बसतो, असं तुम्ही म्हणायचात. पण आता माझ्या डोळ्यांना संध्याकाळी नीट दिसत नाही, निदान समोरच्याला तरी मी दिसावी म्हणून पांढरी घेतली. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. तुम्ही होता तेव्हाही मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही, कारण आपण एकाच घरात राहत होतो आणि जे बोलायचं ते स्वयंपाकघरातून ओरडून बोलता येत होतं. आज लिहायला बसले ती एका जुन्या गोष्टीसाठी. तुमच्या गाडीच्या पहिल्या तेलाबद्दल मी तुमच्याशी खोटं बोलले होते. ते तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं, हे मला मागच्या महिन्यात कळलं.

झालं असं की मीटरवर हजार झाले म्हणून मी नवी गाडी पहिल्या सर्व्हिसला नेली. काउंटरवरच्या मुलाला म्हटलं, "भैया, तेल बदलना है. और पुराना वाला मुझे दिखाना." तो अदबीनं हसला. "मॅडम, पहली सर्व्हिस में ऑइल चेंज नहीं होता, सिर्फ चेकिंग होती है. आपका दस हजार पे होगा, या एक साल में, जो पहले आ जाए." मी म्हटलं, आता नसेल होत, पूर्वी व्हायचं, माझ्या वडिलांच्या गाडीचं झालं होतं, मी स्वतः घेऊन गेले होते. कोणती गाडी, ते सांगितलं. बाजूला एक पिकल्या मिशांचा मेकॅनिक हात पुसत उभा होता. तो म्हणाला, "उसमें भी नहीं होता था दीदी. पहली में लेवल देखते थे. चेंज पाँच हजार पे." मी विचारलं, पक्कं? त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं तुमच्या कामात कुणी शंका काढली की तुम्ही पाहायचात. मी तिथल्या खुर्चीवर बसले. त्यांना वाटलं, बीपी वाढलं. पाणी आणून दिलं.

घरी आल्यावर मी तुमची फाइल काढली. तीच, बुटाच्या नाडीनं बांधलेली. तिच्यात काय निघालं ते सांगतेच, पण तुमच्यासमोर गुन्हा कबूल करायचा तर सुरुवातीपासून करावा लागेल. अर्धवट सांगितलेलं तुम्हाला चालत नसे.

चौतीस वर्षं तुम्ही जबलपूरच्या फॅक्टरीत फौजेच्या ट्रकांची नवी इंजिनं चालवून पाहिली. चालवून म्हणजे स्टँडवर बसवून. ट्रक चालवायला तुम्हाला कुणी कधी दिला नाही, आणि स्वतः तुम्ही रोज सायकलवर जात होता. इंजिन ठरलेले तास चाललं की त्याचं तेल गरम असतानाच काढायचं, पांढऱ्या थाळीत घ्यायचं आणि उजेडात तिरपं धरून पाहायचं. त्यात चमकी दिसली पाहिजे. चमकी हा तुमच्या फॅक्टरीतला शब्द. धातूचा इतका बारीक भुगा की बोटाला लागत नाही, फक्त तेल हललं की चमकतो. मी सहावी-सातवीत असेन. आई ओट्यावर तांदूळ धुतेय, तुम्ही दारात भुशानं हात घासताय, आणि मला विचारताय, "हे पहिलं पाणी काहून फेकते तुही माय?"

मी म्हणते, "घाण असते म्हणून."

"घाण नाही बेटा. तांदूळ तांदळाले घासते, त्याचाच कोंडा निघते. नव्या इंजिनाचंबी तसंच. कितीबी चांगलं बनवा, आतमधी खरबडं असतेच. चालता चालता एकमेकाले घासते आन् मग बसते. जे घासून निघालं ते पहिल्या तेलात जाते. म्हणून हजारावर ते काढून टाकाचं. ते धोवन आहे. धोवनात भात शिजवते का कोणी?"

"आणि तेल काळं झालं तर?"

"काळ्याले भेवाचं नाही. काळं म्हणजे काम करून राहिलेलं तेल. पहिलं तेल साफ दिसलं तर भेवाचं. एक तर इंजिन चाललंच नाही, नाही तर पाहणाऱ्यानं पाहिलंच नाही."

आई मागे न बघता म्हणते, "तुमचं इंजिन अंगणात न्या, मले कुकर लावू द्या." तुम्ही हसत बाहेर जाता.

पाहणाऱ्यानं पाहिलंच नाही. हे तुमच्या लेखी सगळ्यात वाईट होतं. आठवतं, गच्चीवरची टाकी भरली का म्हणून तुम्ही मला बघायला पाठवलं होतं, आणि मी अर्ध्या जिन्यावरून परत येऊन सांगितलं, भरली? दुपारी नळ कोरडा. तुम्ही मारलं नाही, आवाजही चढवला नाही. समोर बसवलं आणि म्हणालात, "पाहिलं तर पाहिलं म्हणाचं. नाही पाहिलं तर नाही पाहिलं म्हणाचं. त्यात लाज कायची?" मग स्वतः दोन बादल्या उचलून हातपंपावर गेलात. मी त्या दिवशी जेवले नव्हते. रागानं नाही, तुमच्याकडे बघवत नव्हतं म्हणून.

लाजेचं विचारलंत म्हणून सांगते, मला लाज वाटत होती. खोटं बोलण्याची नाही, तुमच्या हातांची. कितीही भुसा घासला तरी नखांच्या कडा काळ्याच राहायच्या. शाळेत पालकांना बोलवायचे तेव्हा तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून यायचात आणि हात पूर्ण वेळ खिशात ठेवायचात. मी कधी म्हटलं नव्हतं ठेवा म्हणून. तुम्ही न सांगताच ओळखलं होतंत, आणि मी ते चालवून घेतलं. मी बी.एस्सी.ला गेले तेव्हा तुम्ही मला पांढरा एप्रन आणून दिलात, माझ्या मापापेक्षा एक नंबर मोठा, आणि म्हणालात, "तुहे हात काळे नाही झाले पाहिजे." मी ते फारच मनावर घेतलं.

मग तुम्ही रिटायर झालात आणि गाडी आली. आयुष्यातलं पहिलं इंजिन, जे तुमचं स्वतःचं होतं. मी तेव्हा नुकतीच कॉलेजात केमिस्ट्री शिकवायला लागले होते. तुम्ही पहिल्या दिवसापासून मीटर बघत होता. साठच्या वर न्यायची नाही, चढावर रेटायची नाही, उभ्या उभ्या चालू ठेवायची नाही. हजार झाले की रविवारी घरापुढे पोतं अंथरून पहिलं तेल स्वतः काढणार, थाळीसुद्धा तयार होती. हजारो इंजिनांचं पहिलं तेल पाहिलं, आता आपलं पाहू, असं तुम्ही दोनदा म्हणालात. मी म्हटलं, वॉरंटी जाईल. तेवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पुढे म्हटलं, "आणि बाबा, इथे महाराजपुरात, आपल्या आजूबाजूला माझे विद्यार्थी राहतात. रिटायर माणूस लुंगी लावून गाडीखाली लोळतोय, बरं दिसतं का?"

तुम्ही म्हणालात, "अच्छा."

सर्व्हिसच्या दिवशी तुम्हाला ताप होता. मी निघाले तेव्हा तुम्ही मला एक काचेची बाटली दिलीत, शरबताची, लेबल खरवडून काढलेलं, गरम पाण्यानं धुऊन उन्हात वाळवलेली. "तिथंच बदलव. फक्त पहिलं तेल थोडंसं याच्यात आण. मी पाहून घेतो." एवढंच मागितलंत. मी बाटली पर्समध्ये टाकली. तिथे काचेचं दार, एसी, सोफे, आणि सोफ्यावर माझ्याच डिपार्टमेंटच्या सीनिअर मॅडम. दिवसभर लॅबमध्ये बाटल्यांतून नमुने घेऊन फिरणारी मी, मला पर्समधून शरबताची बाटली काढून "यात तेल द्या" म्हणायला जीभ उचलली नाही. मी मासिक चाळत बसले. त्यांनी किल्ली दिली, कागद दिला, मी न वाचता घडी घातली. तेल बदललंच असेल हे मी धरून चालले होते. सर्व्हिस म्हणजे तेच ना, तुम्हीच तर शिकवलं होतंत.

घरी तुम्ही चादर पांघरून खाटेवर बसला होता. "आणलं?" तुम्ही विचारलंत.

"नाही ना बाबा. त्यांनी फेकून दिलं लगेच. पण मी पाहिलं."

"काय पाहिलं?"

"एकदम साफ होतं," मी म्हटलं. तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हटलं. इतकी वर्षं तुमच्याकडून ऐकून ऐकून मला एवढंही आठवलं नाही की साफ हे चुकीचं उत्तर आहे.

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. "अच्छा," म्हणालात. मी पर्समधून काढलेली बाटली घेतलीत, कोरडीच होती तरी पंच्यानं पुसलीत आणि खिडकीत ठेवलीत. मग अंगात ताप असताना बाहेर गेलात, बॉनेट उघडलंत, तेल मोजायची पट्टी काढलीत, तेल अंगठा आणि बोटात चोळलंत, वास घेतलात. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत होते आणि मनात चिडत होते, की बघा, माझ्यावर भरवसा नाही. तुम्ही आत आलात, हात धुतलेत आणि म्हणालात, "चांगलं केलं बेटा. चाय घेशील का?"

त्यानंतर तुम्ही गाडीला रोज कुठेतरी न्यायला लागलात. भाजी जवळच अधारतालला मिळत असताना लांब कांचघरला. रक्तदाबाची गोळी कोपऱ्यावर मिळत असताना मदन महलला. संध्याकाळी आईला घेऊन भेडाघाट, पाण्याकडे पाच मिनिटं पाहायचं आणि परत. आणि सगळं चाळीसच्या स्पीडनं. मागून स्कूटरवाले हॉर्न देऊन पुढे जात. मी म्हणायची, "आता तर तेल बदललं ना बाबा, पळवा थोडी." तुम्ही म्हणायचात, "पळवू, पळवू." मी आईला म्हटलं, बाबांना म्हातारपणी खेळणं मिळालंय. आम्ही दोघी किती हसलो होतो त्यावर, आई आणि मी.

आईला तुम्ही कबूल केलं होतंत की दसऱ्याला आपल्या गाडीनं नागपूरला नेणार. आधी दीक्षाभूमी, मग तिच्या भावाचं घर. तिला भावाच्या दारात स्वतःच्या गाडीतून उतरायचं होतं. लग्न होऊन जबलपूरला आल्यापासून ती दर वेळी बसस्टँडवरून पिशवी घेऊन पायी गेली होती, त्यामुळे तिची ही एवढीच हौस होती. मामाचा दोनदा फोन आला, कधी निघता म्हणून. तिनं पांढरी साडी काढली, चिवडा केला, बॅग भरली. आणि आदल्या दिवशी तुम्ही म्हणालात, "इंजिन अजून बसलं नाही. वाटेत कुरईचा घाट आहे, चढावर मार खाते ते. पाच हजाराची सर्व्हिस होऊ दे, मग जाऊ."

आई म्हणाली, "तुमाले मले न्यायाचंच नाही."

आणि मी, तुमची हुशार मुलगी, आईच्या बाजूनं उभी राहिले. "बाबा, तेल बदलून तीन महिने झाले. आता काय बसायचं राहिलं?" तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. आज तो चेहरा मला जसाच्या तसा दिसतो. एक वाक्य तुम्हाला बोलायचं होतं, आणि ते तुम्ही बोलला नाहीत. म्हणालात, "बसते बेटा, बसते. थोडा टाइम लागते." आईनं बॅग उपसली. चार दिवस ती तुमच्याशी बोलली नाही. चिवडा तुम्ही एकट्यानं संपवलात.

डिसेंबरात एका सकाळी तुम्ही मोजे घालायला ओसरीवर बसलात आणि एकच मोजा घातलात, दुसरा हातातच राहिला. मीटरवर चार हजार सातशे बारा होते. मला हे माहीत आहे कारण तुमच्या शर्टाच्या खिशात चिठ्ठी होती, रोजचे आकडे त्यात पेन्सिलनं लिहिलेले. मला तेव्हा वाटलं, फॅक्टरीची सवय. पाच हजाराला दोनशे अठ्ठ्याऐंशी कमी होते. तुम्ही मोजत होता, बाबा. नागपूर किती दूर राहिलं ते तुम्ही मोजत होता.

आता फाइल. पहिल्या सर्व्हिसचा तो कागद तिच्यात होता, माझ्या घडीच्या खुणांसकट. इंजिन ऑइल, पुढे छापलेल्या दोन चौकटी, बदलले आणि तपासले. खूण दुसऱ्या चौकटीत होती. तिच्याखाली तुमच्या पेन्सिलची बारीक रेघ. शेरा नाही, प्रश्नचिन्ह नाही, नुसती रेघ. टाकीच्या पाण्यासाठी मला समोर बसवणारे तुम्ही, तुम्ही हा कागद वाचलात, रेघ मारलीत आणि नाडी बांधून ठेवून दिलात.

मी खूप भांडले तुमच्याशी या महिन्याभरात, मनातल्या मनात. अधारतालच्या कुठल्याही मिस्त्रीकडे जाऊन अर्ध्या तासात बदलून घ्यायचं होतं की. पण तुमच्या हाताचा तेलाचा वास आईला दारातूनच यायचा. तिनं विचारलं असतं, आणि संध्याकाळी जेवताना ते माझ्यासमोर आलं असतं. पाच हजारावर ते आपोआप बदललं असतं, कुणाला काही कळलं नसतं, आणि मी खरी ठरले असते. त्यासाठी तुम्ही स्वतःचं इंजिन धोवनात चालवलंत. हात खिशात ठेवायचात, तसंच हेही. तुम्ही मला तेव्हा रागावायला हवं होतं, बाबा. मी रडले असते, जेवले नसते, आणि दसऱ्याला आपण नागपूरला गेलो असतो.

फाइल पाहिली त्याच्या पुढच्या आठवड्यात मी परत वर्कशॉपला गेले. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, आजच्या इंजिनांना गरज नाही मॅडम, आता पार्ट फार सफाईनं बनतात. खरंच असेल. मी म्हटलं, तरी बदला. त्यानं कागदावर लिहून घेतलं, ग्राहकाच्या सांगण्यावरून, आणि माझी सही घेतली. मग मी सगळ्यांच्या समोर पर्समधून बाटली काढली. तीच. इतकी वर्षं आई तिच्यात खोबरेल ठेवते. सकाळी मागितली तेव्हा तिनं विचारलं, "बाटली काहून पायजे?" मी म्हटलं, गाडीचं तेल आणायला. तिनं खोबरेल वाटीत ओतलं आणि बाटली धुऊन दिली. तो पिकल्या मिशांचा मेकॅनिक मला आत घेऊन गेला. गरम तेलाची धार ट्रेमध्ये पडली, त्यानं थोडं बाटलीत धरलं, दारात उजेडाला नेऊन हलवलं आणि म्हणाला, "चमकी है, दीदी." तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या तोंडून मी तो शब्द पहिल्यांदा ऐकला. मी पाहिलं, बाबा. साफ नव्हतं. माझी बोटं काळी झाली आणि मी ती तशीच घेऊन घरी आले.

आई आता अठ्ठ्याहत्तरची आहे. तुम्ही गेल्यावर ती नागपूरला कधी गाडीनं जायला तयार झाली नाही. मामाही तीन वर्षांत गेला. भाजी निवडता निवडता ती अजून म्हणते, "तुह्या बाबाच्या मनातच नव्हतं मले न्यायाचं." रागानं नाही म्हणत, एखादी जुनी, ठरून गेलेली गोष्ट सांगावी तसं म्हणते. मला तिला दोनच वाक्यं सांगायची आहेत. तेल बदललं नव्हतं. बाबांना माहीत होतं. एकोणीस वर्षं तिनं तुमच्यावर जो आरोप ठेवला, तो त्या दोन वाक्यांत पुसला जाईल, आणि माझ्यावर येईल.

मागच्या रविवारी मी तिला गाडीत बसवलं. नागपूर. ती कशीबशी तयार झाली, पण मग पांढरी साडी नेसली आणि चिवड्याचा डबा मांडीवर घेऊन बसली. वाटेतलं बरगी गाव ओलांडायच्या आत सांगायचं, असं मी ठरवलं होतं. बरगीला गाडी थांबवली. आई म्हणाली, "काहून थांबली?" ती माझ्याकडे बघत होती, फार शांत, जशी तुमच्याशी भांडण मिटलं की दिसायची. माझं तोंड उघडलं. त्यातून निघालं, "परत जाऊ आई. इंजिन अजून बसलं नाही."

तिनं समोरच्या रस्त्याकडे पाहिलं. मग डब्याचं झाकण दाबून घट्ट केलं आणि म्हणाली, "तूबी तुह्या बाबासारखीच." दुसऱ्या कुठल्याही दिवशी हे ऐकून मला बरं वाटलं असतं. मी गाडी वळवली.

हे पत्र फाइलमध्ये ठेवते, त्या रेघेच्या कागदामागे. तेल बदललं आहे बाबा, या वेळी मी स्वतः पाहिलं आहे. इंजिन छान बसलंय, घाटही चढेल. आईशी मी खोटं बोलले.